यंत्रजुगाराचे स्थानिक परवाने : समज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमध्ये दुकान, उपाहारगृह किंवा मद्यगृह चालविणाऱ्या कुटुंबांत, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आली, असा एक समज आढळतो की जुगाराविषयीचा सर्व अधिकार बर्मिंगहॅम येथील राष्ट्रीय आयोगाच्या हाती एकवटला असून स्थानिक सत्तेचे काम केवळ फी जमा करण्याचे आहे. वास्तविक 1 सप्टेंबर 2007 पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या 2005 च्या जुगार कायद्याने जागेसंबंधीची अनुमती, मग ती मद्यगृहातील यंत्रांची असो वा बक्षिसी बिंगोची, इंग्लंड व वेल्समध्ये स्थानिक परिषदेकडे आणि स्कॉटलंडमध्ये परवाना मंडळाकडे सोपविली आहे. उत्तर आयर्लंड मात्र या कायद्याच्या हद्दीबाहेर आहे.

दुसरा समज असा की मद्यविक्रीचा परवाना हाती असला म्हणजे वाटेल तितकी यंत्रे मांडावीत. कायद्याने दिलेली आपोआप मुभा, डावाची रक्कम व बक्षीस यांच्या मर्यादेनुसार पाडलेल्या वर्गांपैकी, ‘क’ किंवा ‘ड’ वर्गातील दोनच यंत्रांची आहे, आणि तिच्यासाठीही परिषदेला लेखी सूचना देऊन 50 पौंड भरावे लागतात. दोहोंहून अधिक यंत्रे हवी असल्यास स्वतंत्र परवान्याचा अर्ज करावा लागतो. जेथे मद्य केवळ जेवणासोबतच देण्याची अट आहे, अशा उपाहारगृहाला ही मुभाच नाही. ती कायमची मिळकत आहे असेही कोणी समजू नये, कारण मुलांचे व दुर्बलांचे रक्षण हे कायद्याचे उद्दिष्ट जेथे डावलले जाते, तेथे परिषद ती काढून घेऊ शकते. आणि ‘क’ वर्गाच्या यंत्रापासून अठरा वर्षांखालील मुलामुलींना दूर ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे कलम वाटते.

जुन्या 1968 च्या कायद्याखाली तळलेल्या मासळीच्या दुकानात किंवा टॅक्सीच्या कचेरीतही एखाद-दुसरे यंत्र परवान्याने ठेवता येत असे. तो काळ गेला. आज अशा जागी जुगाराचे यंत्र ठेवण्याचा मार्गच कायद्याने बंद केला आहे, आणि ही बंदी मला सर्वस्वी योग्य वाटते.

बक्षिसी बिंगो, म्हणजे आपल्या हाउजीची सख्खी बहीण, हिच्याविषयीचा गोंधळ अधिक. या खेळात बक्षिसाचे स्वरूप आणि आकार किती जण खेळले किंवा किती पैसे जमले यांवर ठरत नाही. तसे जेथे ठरेल, तेथे तो बक्षिसी खेळ नव्हे. खेळाच्या संधी एकाच दिवशी, त्याच जागी वाटल्या जाव्यात, खेळ त्याच दिवशी संपावा आणि निकाल जाहीर व्हावा, अशा अटी आहेत. परवाना दहा वर्षांच्या मुदतीचा असतो आणि तो देण्यापूर्वी परिषदेने पोलिसांच्या मुख्याधिकाऱ्यांचे मत घेतलेच पाहिजे. येथे परिषदेला आपल्या मनाच्या अटी जोडता येत नाहीत : एकतर मंजूर करावे किंवा नाकारावे. बिंगोचा पूर्ण परवाना असलेल्या सभागृहाला हा वेगळा दाखला लागत नाही; तो त्याला दिलाही जात नाही. ज्याची जागा मुख्यतः ‘ड’ वर्गाच्या यंत्रांसाठीच वापरली जाते, अशा कौटुंबिक करमणूक केंद्राचा परवानाही दहा वर्षांचाच. परंतु तो केवळ त्या केंद्रापुरता असून, ज्या बाजारसंकुलात ते वसले आहे, त्या संपूर्ण संकुलाला तो लागू होत नाही.