रीसेटने नक्की काय पुसलं जातं?

संगणकाच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात निळा ढग, आणि त्यावर गोल फिरणारे बाण. सकाळी फिरत होते, संध्याकाळीही फिरतच आहेत. फोनवर काढलेला फोटो संगणकात उतरत नाही आणि संगणकात दुरुस्त केलेला हिशेब ऑफिसात दिसत नाही. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्ह नियमित वापरणाऱ्या बहुतेकांची या अवस्थेशी कधी ना कधी गाठ पडते. मग कुणीतरी जाणकार सल्ला देतो, ‘रीसेट करून टाका.’ हे ऐकून पोटात गोळा येतो, कारण आपल्याला माहीत असलेलं रीसेट मोबाइलचं असतं आणि त्यात सगळा फोन कोरा होतो.

सिंक ॲपचं रीसेट ही त्याहून अगदी निराळी गोष्ट आहे. वनड्राइव्ह रीसेट केल्याने फाइल किंवा डेटा जात नाही, असं मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतपानावर स्पष्टच म्हटलं आहे. विधान खरं आहे. पण ते कोणत्या अटीवर खरं आहे, हे कळायला ॲपच्या पोटात डोकवावं लागतं.

फाइल इकडून तिकडे पाठवणं हा सिंकमधला सोपा भाग. अवघड भाग आहे तो निर्णयाचा. समजा, ‘भाडेकरार’ नावाची फाइल तुमच्या संगणकात आहे आणि क्लाउडवर नाही. याचा अर्थ काय? तुम्ही ती आत्ताच तयार केली असेल, तर ॲपने ती वर चढवायला हवी. पण ती आधी दोन्हीकडे होती आणि काल रात्री तुम्ही फोनवरून पुसली असेल, तर ॲपने ती संगणकातूनही काढायला हवी. डोळ्यांसमोरचं चित्र दोन्ही वेळा तंतोतंत एकच, आणि करायच्या कृती परस्परांच्या उलट. संगणकातली यादी आणि क्लाउडवरची यादी कितीही बारकाईने ताडून पाहिली, तरी त्या दोन याद्यांमधून याचं उत्तर मिळू शकत नाही.

उत्तर मिळतं तिसऱ्या यादीतून. ड्रॉपबॉक्सच्या अभियंत्यांनी आपलं सिंक इंजिन रस्ट या भाषेत नव्याने लिहिलं आणि २०२० साली त्याची रचना जाहीरपणे समजावून सांगितली. त्या इंजिनात तीन ‘ट्री’ असतात. पहिल्यात क्लाउडची स्थिती, दुसऱ्यात या संगणकाची, आणि तिसऱ्यात दोन्हीकडे शेवटचं एकमत झालं त्या क्षणाची. ‘भाडेकरार’ तिसऱ्या यादीत असेल, तर ती पूर्वी दोन्हीकडे होती आणि क्लाउडवरून पुसली गेली. नसेल, तर ती इथे नव्याने आली. निकाल निर्विवाद. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. यंत्राने ‘काय आहे’ एवढंच न पाहता ‘काय होतं’ हेही जपून ठेवलं, म्हणूनच पुसण्याची इच्छा आणि नव्याने निर्माण करण्याची इच्छा यांत त्याला फरक करता येतो.

ही तिसरी यादी म्हणजे ॲपची स्मृती. तिच्यात तुमच्या फाइल नसतात. नावं, आकार, वेळा, खुणेचे आकडे आणि कुणाशी काय जुळलं एवढंच असतं. वनड्राइव्ह ती विंडोजच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरात ठेवतं, म्हणजे तुमच्या कागदपत्रांपासून वेगळी. आणि रीसेटने पुसली जाते ती प्रामुख्याने हीच.

ती पुसायची वेळ का यावी? कधी डिस्कची जुनी प्रतिमा परत बसवलेली असते. तेव्हा स्मृती तीन महिन्यांपूर्वीची आणि क्लाउड आजचा, असा घोळ होतो. कधी नोंद लिहिली जात असतानाच वीज जाते, आणि डिस्क दुरुस्त करणारा प्रोग्रॅम नंतर काही फाइल हलवतो किंवा छाटतो. कधी नव्या मोठ्या डिस्कवर सगळं उतरवून घेतलेलं असतं. अशा वेळी ॲपची नोंद आणि प्रत्यक्ष परिस्थिती यांत विसंगती येते. ॲप एकच पायरी पुन्हा पुन्हा करून पाहतं आणि बाण फिरत राहतात.

स्मृती नसलेल्या सिंक ॲपने कसं वागावं, हा प्रश्न संशोधकांनी फार पूर्वी हाताळला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले बेंजामिन पीअर्स आणि त्यांचे सहलेखक एस. बालसुब्रमण्यम यांनी १९९८ साली ‘फाइल सिंक्रोनायझर म्हणजे काय’ याच प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. पीअर्स यांच्या पुढाकाराने घडलेला युनिसन हा प्रोग्रॅम आजही वापरात आहे. त्याची जुनी नोंद सापडली नाही, तर तो सगळं पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं वागतो. दोन्हीकडे सारखं असेल तर जुळलं असं मानतो. एकाच बाजूला असेल तर नवीन समजून दुसरीकडे नेतो. दोन्हीकडे असून वेगळं असेल तर तो संघर्ष मानतो आणि निर्णय माणसावर सोपवतो. पुसायचं मात्र काहीच नाही, कारण पुसण्याचा पुरावा असलेली यादीच आता नाही.

रीसेटनंतरची सुरक्षितता येते ती इथून. आठवण नाही, म्हणून हटवण्याचा अधिकारही नाही. मागे पुसलेल्या काही फाइल रीसेटनंतर परत उगवतात किंवा एकाच कागदाच्या दोन प्रती दिसू लागतात, त्याचंही कारण हेच. वनड्राइव्ह अशा वेळी एका प्रतीच्या नावाला संगणकाचं नाव जोडतं, ड्रॉपबॉक्स संघर्षाची प्रत असल्याचं नावातच लिहितं. हा पसारा पाहून चिडू नये. गमावण्यापेक्षा दोनदा ठेवणं पत्करलेलं बरं, असा विचार करूनच इंजिन तसं घडवलेलं आहे.

रीसेटनंतर तासन् तास काम चालतं, ते सगळं पुन्हा चढवलं जातंय म्हणून नव्हे. ॲप प्रत्येक फाइल वाचून तिची गणिती खूण काढतं. ड्रॉपबॉक्स फाइलचे ४ एमबीचे तुकडे करून प्रत्येकाची एसएचए-२५६ ही खूण काढतं. खूण जुळली, तर मजकूर तोच आहे हे ठरतं आणि इंटरनेटवरून फाइल पाठवावी लागत नाही. लाखभर फोटो असतील तर डिस्क मात्र बराच वेळ घरघरते. त्या वेळात संगणक बंद करू नये, झोपवूही नये.

आता त्या अटीकडे येऊ. रीसेट सुरक्षित आहे, पण फाइल कुठेतरी, निदान एका बाजूला, पूर्ण स्वरूपात आणि ॲपच्या स्मृतीबाहेर असली पाहिजे. नेहमीच्या फोल्डरमध्ये खरी फाइल असेल तर ही अट आपोआप पाळली जाते. पण आजकाल बरीच ॲप डिस्कवरची जागा वाचवण्यासाठी निराळ्या रीतीने काम करतात.

विंडोजमध्ये २०१७ पासून वनड्राइव्हच्या फाइल ‘मागणीनुसार’ उतरतात. निळा ढग दिसणाऱ्या फाइलचं इथे फक्त नाव असतं, मजकूर सर्व्हरवर असतो. ती रीसेटने हरवत नाही, पण ‘फोल्डर तर आहे माझ्याकडे’ या समजुतीत राहू नये. गूगल ड्राइव्हच्या ‘स्ट्रीम’ प्रकारात याची उलटी बाजू दिसते. तुम्ही त्या ड्राइव्हवर ठेवलेली फाइल आधी ॲपच्या स्वतःच्या साठ्यात जाते आणि तिथून वर चढते. चढली नसेल, तर तिची एकमेव प्रत त्या साठ्यात असते. म्हणजे स्मृती आणि फाइल एकाच खोलीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमकं हेच अंगाशी आलं. संगणकावरच्या गूगल ड्राइव्हच्या ८४व्या आवृत्तीत काही लोकांच्या अलीकडच्या फाइल दिसेनाशा झाल्या. तेव्हा गूगलने दिलेली सूचना मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे: ॲपमधून खातं तोडू नका, आणि ॲपडेटामधलं ‘ड्राइव्हएफएस’ हे फोल्डर पुसू किंवा हलवू नका. एरवी ‘स्वच्छ सुरुवात’ म्हणून लोक पहिल्यांदा याच दोन गोष्टी करतात. डिसेंबरमध्ये गूगलने सुधारित आवृत्ती आणि फाइल परत मिळवण्याची सोय दिली. ती सोय संगणकात उरलेल्या साठ्यातून फाइल शोधत होती. ज्यांनी तो साठा घाईने पुसला होता, त्यांच्यासाठी त्यात शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून रीसेटच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: वर न चढलेलं काय आहे? ॲपच्या चौकटीत अडकलेल्या फाइलची नावं दिसतात, ती लिहून घ्या. मग ब्राउझरमधून क्लाउडवर थेट जा आणि गेल्या काही दिवसांत बदललेल्या फाइल तिथे आहेत का, तारखेसह पाहा. ज्या नाहीत किंवा जुन्या आहेत, त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा सिंक फोल्डरच्या बाहेर काढा. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरंही बऱ्याचदा वनड्राइव्हच्या आत गेलेली असतात, तेव्हा ‘डेस्कटॉपवर ठेवलंय’ हे बाहेर ठेवणं नव्हे.

यात सर्वांत घातक चूक म्हणजे ॲप चालू असताना, सगळं नव्याने उतरेल या आशेने फोल्डर रिकामं करणं. तिसरी यादी तेव्हा शाबूत असते. ॲप ती पाहतं, तुम्ही फाइल पुसल्यात असा अगदी रास्त निष्कर्ष काढतं आणि क्लाउडवरूनही त्या हटवतं.

प्रत्यक्ष रीसेट अगदी छोटं आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की रनची चौकट उघडते. तिच्यात वनड्राइव्हच्या प्रोग्रॅमचा पत्ता आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘रीसेट’ हा शब्द इंग्रजीत लिहायचा. पूर्ण ओळ मायक्रोसॉफ्टच्या मदतपानावर मिळते. ढग नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने परत येतो; न आल्यास स्टार्ट मेनूमधून ॲप सुरू करावं. घरचं आणि ऑफिसचं अशी दोन खाती असतील, तर दोन्हींची जोडणी तुटते. काही निवडक फोल्डरंच उतरवत असाल, तर ती निवड पुन्हा करावी लागते. आधीचंच फोल्डर वापरायचं का असं ॲपने विचारलं, तर हो म्हणावं.

मराठीत फाइलची नावं देणाऱ्यांसाठी आणखी एक बाब. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ्या’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ या एका सांकेतिक आकड्याने, ‘र’ आणि नुक्ता अशा दोन आकड्यांनी, किंवा ‘र्’पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही एकच, विंडोजला मात्र तीन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर नुक्त्याची अक्षरं सुटी करूनच साठवत असे. स्मृती पुसल्यावर ॲप ओळख पटवतं ती बरीचशी नावावरून, त्यामुळे मॅक आणि विंडोज दोन्ही वापरणाऱ्या घरात एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी दिसू शकतात. त्यांतलं एक लगेच पुसू नका. आधी दोन्ही उघडून पाहा, कारण अर्ध्या फाइल एकात आणि अर्ध्या दुसऱ्यात असू शकतात.

परत उगवलेल्या फाइल आणि जादा प्रती यांची आवराआवर बाण थांबल्यावरच करावी. तेव्हा नवी तिसरी यादी तयार झालेली असते आणि तुमचं पुसणं पुसणं म्हणूनच ओळखलं जातं. चुकून नको ते गेलंच, तर वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात ऑनलाइन कचरापेटी ते ३० दिवस सांभाळते, ऑफिस किंवा शाळेच्या खात्यात सर्वसाधारणपणे ९३ दिवस. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही पुसलेली फाइल ३० दिवसांपर्यंत परत आणता येते.