डोंगराची चूक कोणती, हॉटेलची कोणती?

सुगी उरकली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो सहलीचा. देवदर्शन बहुतेक जणींचं झालेलं असतं. मग कुणीतरी म्हणतं, एकदा थंड हवेच्या ठिकाणी जाऊ, हॉटेलात राहू, दोन दिवस चुलीपुढं बसायचं नाही. महाबळेश्वर, पाचगणी, माथेरान, चिखलदरा अशी नावं निघतात. आज त्याच सहलीबद्दल बोलू. तिथलं हॉटेल सांगितल्यासारखं निघालं नाही तर काय करायचं, आणि तशी वेळ येऊ नये म्हणून निघण्याआधी काय करायचं, ते बघू.

हा विषय घ्यायचं कारण सांगते. आमच्या भागातल्या एका गटातल्या अठरा जणींनी सहलीसाठी महिन्याला १५० रुपये वेगळे टाकले. वर्षाचे झाले ३२,४०० रुपये. अंडी विकून, शिवणकाम करून, खुरपणीच्या मजुरीतून साठवलेले. फोनवर सहा खोल्या ठरल्या. 'दरी दिसते, चोवीस तास गरम पाणी, सगळ्या खोल्या शेजारी शेजारी,' असं सांगण्यात आलं. पैसे आधीच पाठवले. संध्याकाळी पोचल्यावर चार खोल्या जनरेटरच्या मागं आणि दोन दुसऱ्याच इमारतीत निघाल्या. गाद्या ओल्या, वास मारत होत्या. गरम पाणी खोलीमागं एक बादली. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, 'सीझन आहे, राहायचं तर राहा.'

बायकांनी काय केलं? 'असू दे, एक रात्र काढायची आहे,' म्हणून गप्प झोपल्या. घरी आल्यावर एकीच्या सासूबाई म्हणाल्या, 'पैसे घालवून हाल करून घेतलेत. आता बसा घरी.' पुढच्या वर्षी सहलीच्या डब्यात कुणी पैसे टाकले नाहीत. मला खोल्यांपेक्षा हे जास्त लागलं. एका रात्रीच्या वाईट खोलीनं अठरा बायकांचं बाहेर पडणंच थांबवलं.

आता मूळ मुद्दा. डोंगरावरच्या हॉटेलात गेल्यावर गैरसोय दोन प्रकारची असते. एक डोंगराची आणि एक हॉटेलची. हा फरक कळला तर उगाच भांडण होत नाही, आणि जिथं बोलायला हवं तिथं आपण गप्पही बसत नाही.

डोंगराची गैरसोय म्हणजे काय? महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे. तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक खूश असतात. जून ते सप्टेंबर तिकडं धुकं इतकं असतं की खिडकीतून दरी सोडा, अंगणातलं झाडही दिसत नाही. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, झाडं पडली की वीज जाते. पावसाळ्यात भाडं कमी असतं ते यामुळंच. तेव्हा जुलैत जाऊन 'दरी दिसली नाही' म्हणून हॉटेलवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. माकडानं खिडकीतून येऊन केळी पळवली, त्यालाही हॉटेल जबाबदार नाही. खिडकी लावून घ्यायची.

माथेरानचं आणखी वेगळं. तिथं दस्तुरी नाक्याच्या पुढं आपली गाडी जातच नाही. पुढं पायी, घोड्यावर, ई-रिक्षानं नाहीतर छोट्या रेल्वेनं जायचं. गुडघे दुखणाऱ्या मावशी बरोबर असतील तर हे आधी माहीत हवं. हॉटेल नाक्यापासून किती लांब, सामान कोण नेणार, त्याचे पैसे किती, हे फोनवरच विचारून घ्यावं.

आणि हॉटेलची चूक कोणती? जे कबूल केलं ते दिलं नाही, ती हॉटेलची चूक. दरीची खोली सांगितली आणि खिडकीसमोर भिंत निघाली, ही चूक. गरम पाणी चोवीस तास सांगितलं आणि सकाळी दोनच तास आलं, ही चूक. चार खाटांचे पैसे घेतले आणि दोन गाद्या जमिनीवर टाकल्या, ही चूक. ओल्या गाद्या, न धुतलेल्या चादरी, दाराला न लागणारी कडी यांना तर पावसाळ्याचीही सबब चालत नाही. दाराची कडी ही बायकांसाठी सोयीची गोष्ट नसून सुरक्षिततेची गोष्ट आहे. आणखी एक फसवाफसवी होते ती जागेची. 'महाबळेश्वरला हॉटेल' म्हणून सांगतात आणि ते असतं पाचगणीच्या बाजूला. दोन गावांत सुमारे वीस किलोमीटरचं अंतर आहे. म्हणजे सूर्योदय बघायला विल्सन पॉइंटला जायचं तर पहाटे किती वाजता निघावं लागेल, तुम्हीच हिशोब करा. म्हणून 'बाजारपेठेपासून किती किलोमीटर?' हा प्रश्न विचारायचाच.

कबूल केलं ते दिलं नाही, याला कायद्यात 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. दुकानातून साडी घेणारी जशी ग्राहक, तशी हॉटेलात खोली घेणारीही ग्राहक. ज्या ताईंनी पैसे पाठवले त्या ग्राहक आहेतच. त्यांच्या बरोबर ज्या खोलीत राहिल्या त्याही आहेत.

आता निघण्याआधीची कामं.

पहिलं काम, फोनवर जे ठरलं ते लिहून घ्या. त्यासाठी कागद लागत नाही, व्हॉट्सॲप पुरतं. फोन ठेवला की लगेच असा मेसेज पाठवायचा: 'आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक तारखेला ६ खोल्या, प्रत्येकीत ३ जणी, दरीच्या बाजूला, गरम पाणी २४ तास, एका रात्रीचे खोलीमागे २,००० रुपये, कर वेगळा, नाष्टा धरून. बरोबर आहे ना, कळवा.' समोरून 'हो' आलं की तो तुमचा पुरावा झाला. 'हो' येत नसेल तर पैसे पाठवू नका.

दुसरं, सगळे पैसे आधी देऊ नका. थोडी आगाऊ रक्कम द्या, बाकी खोली बघून. सहल रद्द झाली तर किती परत मिळणार, हेही त्याच मेसेजमध्ये विचारा. पैसे पाठवताना नाव नीट बघा. हॉटेलच्या नावानं खोटी जाहिरात टाकून, भलत्याच माणसाच्या खात्यात पैसे घेऊन फसवल्याचे प्रकार होतात. शंका आली तर हॉटेलच्या पाटीवरचा नंबर दुसरीकडून मिळवून फोन करा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

तिसरं, कराचा हिशोब समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. दोन हजारांच्या सहा खोल्या म्हणजे १२,००० भाडं, त्यावर कर ६०० रुपये. एकूण १२,६००. यापेक्षा जास्त आकडा आला तर कशाचा, ते विचारा. आणि बिलावर जीएसटी नंबर नसेल तर त्यांना तो कर घेताच येत नाही. काही बिलांत 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असतो. तो कर नव्हे. ग्राहकाला न विचारता तो बिलात घालू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तो काढा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरी बाजूही सांगते. हॉटेलात बसून पाण्याची बाटली मागवली आणि ती छापील किमतीपेक्षा महाग दिली, तर तिथं भांडू नका. हॉटेल नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा आणि सेवाही देतं, म्हणून जास्त घेऊ शकतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. त्यापेक्षा बाटल्या घरूनच भरून न्या आणि जेवणाचे दर आधी बघून घ्या. 'एक दिवस' याचाही अर्थ विचारा. दुपारी बारा-एकला खोली देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिकामी करायला सांगतात. चोवीस तास धरून बसाल तर शेवटी जादा पैसे भरावे लागतील.

आता समजा, सगळं विचारून गेलात आणि तरीही खोली खराब निघाली. तेव्हा सामान उतरवण्याआधी दोघीतिघींनी सगळ्या खोल्या बघायच्या. नळ सोडायचा, गादीवर हात फिरवायचा, कडी लावून बघायची. जे खराब आहे त्याचे तिथल्या तिथं फोटो काढायचे. मग मॅनेजरशी बोलायचं. खोली झाडणारी बाई किंवा पाणी आणणारा पोरगा यांच्यावर आवाज चढवू नका. ती बाईही आपल्यासारखीच कुठल्या तरी वाडीतून कामाला आलेली असते, खोल्या तिनं ठरवलेल्या नसतात.

मॅनेजरला मेसेज दाखवायचा आणि शांतपणे मागणी सांगायची. 'आम्हाला हे कबूल केलं होतं, हे मिळालेलं नाही. खोली बदलून द्या. नाहीतर भाडं कमी करा. नाहीतर पैसे परत द्या.' मागणी नेमकी असली की समोरच्यालाही उत्तर द्यावं लागतं. नुसतं 'काय ही खोली!' म्हटलं तर त्याला हसून सोडून देता येतं. बोलणं झालं की तेच पुन्हा व्हॉट्सॲपवर लिहून, फोटो जोडून पाठवा, म्हणजे वेळ आणि तारीख नोंदली जाते. निघताना पक्कं बिल घ्याच. बिल न देणं हीही कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तिथं दाद मिळाली नाही तर घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ लावा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून घेतात आणि हॉटेलकडं पाठवतात. पुष्कळ वाद इथंच मिटतात. पण हेल्पलाइनला हुकूम देण्याचा अधिकार नाही. हुकूम देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. इथं एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. हॉटेल दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. पुन्हा डोंगर चढायची गरज नाही. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइनही तक्रार देता येते. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची आहे.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशासाठी कोण आयोगात जातं? बऱ्याचदा जावं लागतही नाही. फोटो, मेसेज आणि बिल हातात असलेल्या अठरा बायका काउंटरपुढं उभ्या राहून सभ्यपणे मागणी करतात, तेव्हा 'राहायचं तर राहा' म्हणणं सोपं नसतं. बँकेत कर्जाचा हप्ता चुकीचा लागला तर आपण पासबुक घेऊन विचारतोच ना? मग हॉटेलच्या काउंटरला कशाला घाबरायचं? तिथं फरशी चकचकीत असते आणि माणूस इंग्रजी मिसळून बोलतो, एवढाच काय तो फरक.

आणखी एक माहिती. राज्य सरकारनं २०२३ साली महिलांच्या पर्यटनासाठी 'आई' नावाचं धोरण आणलं आहे. पर्यटन विकास महामंडळाच्या निवासांत महिलांना ठरावीक दिवसांत सवलत मिळते. तारखा ठरवण्याआधी त्यांच्याकडं चौकशी करा. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं भिलार हे पुस्तकांचं गावही यादीत धरा. तिथं घराघरांत पुस्तकं मांडली आहेत, कुणीही बसून वाचावं.

पुढच्या बैठकीत एक करा. सहलीचा विषय निघाला की एका जणीकडं मेसेजचं, एकीकडं पैशांचं आणि एकीकडं खोल्या बघण्याचं काम द्या. इतिवृत्तात तशी नोंद करा. ज्या गटाची सहल मागं फसली असेल, त्यांनी बंद केलेला डबा पुन्हा काढावा. या वेळी विचारून, लिहून घेऊन जा. धुकं असलं तर असू द्या, ते डोंगराचं आहे. गादी मात्र कोरडीच मागा, तिचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत.