पहिल्या पगाराच्या अलीकडे

नोकरी लागल्याचे पेढे वाटून झाले, की त्याच संध्याकाळी घरातली मोठी माणसं ओसरीवर बसून हळू आवाजात हिशेब करू लागतात. मुलाला वाटत असतं, आता आपल्या घरात पैसा येणार. बापाला ठाऊक असतं, की येण्याआधी तो जाणार. बँकेच्या काउंटरच्या आत बसून आणि बाहेर उभं राहून, असा दोन्हीकडून हा हिशेब मी पाहिला आहे. त्यातला एक पोखर्णीचा. तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ‘पोखर्णी नृसिंह’ नावाचं स्टेशन आहे. नृसिंहाच्या देवळामुळे गावाचं नाव मराठवाड्यात सगळ्यांना माहीत. भोवती काळी जमीन. तेव्हा ज्वारी आणि कापूस, आता त्यांच्या जोडीला सोयाबीन. १९८७ साली मी त्या भागातल्या एका बँक शाखेत शेतीकर्जं पाहत होतो. मे महिन्याच्या अखेरीला, भर दुपारी, पोखर्णीचे एक गृहस्थ आले. डोक्याला पटका, एका हातात पेढ्यांची पुडी आणि दुसऱ्या हातात इंग्रजीत टाइप केलेला कागद. थोरल्या मुलानं आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केला होता, आणि पिंपरी-चिंचवडच्या एका मोठ्या कारखान्याचं नेमणूकपत्र आलं होतं.

‘‘पोरगं नौकरीला लागलं, सायेब.’’

‘‘वा! फार चांगलं झालं, मामा.’’

‘‘तर कर्ज पायजे व्हतं.’’

शेजारचा कॅशियर मोठ्यानं हसला. नोकरी सुटली म्हणून कर्ज मागणारे आम्ही पाहिले होते. लागली म्हणून मागणारा हा पहिलाच. मामांनी शांतपणे बंडीच्या खिशातून एक लग्नपत्रिका काढली. तिच्या कोऱ्या बाजूवर मुलानं सुवाच्य अक्षरात यादी केली होती. कॉटबेसिसवर जागा, अनामत आणि भाडं मिळून ३००. खानावळ, एक महिन्याचे आगाऊ १८०. दोन पँट-शर्ट, कापड आणि शिलाई २८०. बूट ९०. ट्रंक, सतरंजी, बादली १००. गाडीभाडं ७०. फोटो, दाखले, डॉक्टरी तपासणी ६०. हातखर्च ७०. एकूण साडेअकराशे. त्यात चैन म्हणावी अशी एकही ओळ नव्हती. मी कर्जप्रकरणं वाचून वाचून संशयी झालो होतो, तरी मला एक रुपयाही कापता आला नाही.

पण यादी खरी असणं पुरेसं नव्हतं. तो एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा जमाना होता. म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाई मशीन, किराणा दुकान, यांना कर्ज होतं, वर सरकारी अनुदान होतं. अगदी गरिबाला चार टक्के व्याजानं पैसे द्यायची योजनाही १९७२ पासून होती. तिची मर्यादा साडेसहा हजार रुपये. सगळीकडे अट एकच, कारण ‘उत्पादक’ पाहिजे. म्हैस दूध देते म्हणून उत्पादक. फिटरचे बूट हा खर्च. मी मामांना हे समजावून सांगितलं. आवाज मऊ ठेवला, एवढंच.

‘‘म्हशीला देता, सायेब. पोराला न्हाई व्हय?’’

ते उठून गेल्यावर आमचा जुना शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘दोन शेळ्या दाखवायच्या की, साहेब.’’ त्याचं खोटं नव्हतं. आमच्या रजिस्टरातल्या कितीतरी शेळ्या जन्मात कधी ओरडल्या नव्हत्या. मी दाखवल्या नाहीत. त्या दिवशी मला माझ्या सचोटीचा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाचं काय करावं हे कळत नाही.

मामांनी घरातले साडेचारशे जमवले आणि उरलेले सातशे एका व्यापाऱ्याकडून आणले. मूग निघाला की त्यालाच घालायचा, या बोलीवर. मुलगा गेला. ३ जूनला कामावर रुजू झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याला आमच्याच शाखेच्या पायरीवर बसलेला पाहिला. मला वाटलं, सुट्टीवर आला असेल. नोकरी सोडून आला होता.

झालं होतं ते असं. खानावळीचा महिना २ जूनला सुरू झाला, तो २ जुलैला संपला. खानावळवाल्यानं दुसऱ्या महिन्याचे पैसे मागितले, आणि तेही आगाऊच. जूनचा पगार १० जुलैला होणार होता. मधले दिवस आठ. मुलाच्या हातखर्चातून शहरात बसला आणि एक छत्री झाली होती. उरलेल्या पैशांत कसंबसं गावचं तिकीट बसत होतं. दोन दिवस त्यानं पाव खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी ट्रंक उचलली आणि स्टँड गाठलं. मी त्याच्या हिशेबानेच पाहिलं, एकशेऐंशीला तीस दिवस, तर आठ दिवसांचे अठ्ठेचाळीस रुपये होतात. अठ्ठेचाळीस रुपयांसाठी माणसानं कायमची नोकरी सोडली. राबलेल्या महिन्याचा पगारही आणायला तो गेला नाही, कारण जाण्या-येण्याचे पैसे पुन्हा बापाकडे मागायचे होते.

‘‘कुणाकडं मागायचे नाहीत का उसने?’’ मी विचारलं. माझ्या तोंडून हे निघावं याची मलाच लाज वाटली.

‘‘वळख नव्हती कुणाची,’’ तो म्हणाला.

यात त्या कारखान्याचं कायद्यानं काही चुकलं नव्हतं. १९३६ च्या पगार-वाटप कायद्यात हजारांपेक्षा कमी कामगार असतील तिथे पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि हजार किंवा जास्त असतील तिथे दहा तारखेच्या आत पगार करावा, असं होतं. तो कायदा झाला तो कामगाराच्या भल्यासाठीच. त्याआधी पगार कधी होईल याला धरबंध नव्हता, आणि १९३१ साली आलेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालात कामगारांच्या कर्जबाजारीपणाची चर्चा आहे. २०१९ च्या वेतन संहितेनं मासिक पगाराला सरसकट सात तारीख घातली. पण या सगळ्यांत गृहीत धरलेली गोष्ट एकच : एक तारखेला रुजू झालेला माणूस सदतीस किंवा चाळीस दिवस स्वतःच्या खर्चानं जगेल. जो काम करतो तो मालकाला महिनाभर आपलं काम उधार देतो. नोकरी जुनी झाली की हे जाणवत नाही. नव्या माणसाला मात्र ही उधारी देण्यासाठी आधी स्वतः कर्ज काढावं लागतं. बँकेत इतकी वर्षं काढूनही व्यवहाराची ही बाजू मला कुणी शिकवली नव्हती.

‘वळख’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून लाखो माणसं आली. त्यांच्याकडेही पहिल्या पगारापर्यंतचे पैसे नव्हतेच. पण त्यांच्यासाठी गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी वीस-पंचवीस माणसं एकाच गावची. नवा आलेला पोरगा तिथे वळकटी टाकी, आणि त्याचं भाडं पगार झाल्यावर खर्डेघाशीत मांडलं जाई. गोव्याच्या माणसांचे तर मुंबईत गावोगावचे ‘कूड’ होते. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे राहत. आणि जेवणाला खाणावळवाली. ती बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा; ती महिनाभर वाढी आणि पगाराच्या दिवशी पैसे घेई. म्हणजे पहिल्या चाळीस दिवसांचं भांडवल गिरणीमालक नव्हे, ही बाई पुरवत होती. त्यासाठी ती स्वतः वाण्याकडून उधारीवर धान्य आणी आणि त्याचं व्याज भरी.

ही साखळी ज्यांनी ओळखली त्या प्रेमा पुरव. मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या. पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते. १९७५ मध्ये त्यांनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना छोटी कर्जं मिळवून दिली. बँकेच्या भाषेत ते कर्ज स्वयंपाकाच्या धंद्याला होतं. खरं पाहिलं तर त्यातून नव्या-जुन्या कामगारांच्या पगाराआधीच्या जेवणाची सोय होत होती. आमच्या शाखेत हे कुणाला सुचलं असतं, तर पुण्याच्या त्या खानावळीत आठ दिवसांची उधारी निघाली असती का, हा विचार मी अनेकदा केला आहे. परभणीच्या मुलाला १९८७ च्या चिंचवडमध्ये गावकीची खोली नव्हती. गिरणगावाची ती वीण दोन-तीन पिढ्यांत तयार झाली होती. आमची माणसं तिथे नवीन होती.

आता कुणी म्हणेल, की कामाआधीच पैसे मिळतात असंही एक काम आमच्याकडे आहे. आहे. त्याचं नाव ऊसतोड. परभणी, बीड, हिंगोली, जालना इथली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते. त्यातून घरची देणी, पोरांचं काही, वाटखर्च असं सगळं भागतं. मग पुढचे पाच-सहा महिने ती उचल फेडण्यासाठी ऊस तोडायचा. पाऊस कमी पडला, कारखाना लवकर बंद झाला, बाई आजारी पडली, तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं. ज्याला नोकरीआधी पैसे मिळत नाहीत तो आठ दिवसांनी हरतो. ज्याला मिळतात तो वर्षानुवर्षं बांधला जातो. पहिल्या खर्चाचे पैसे कोण देतो आणि परत कसे घेतो, यावर माणसाचं पुढचं सगळं ठरतं.

गंमत म्हणजे सरकारला ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला. ठेकेदारानं दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुराला महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम विस्थापन भत्ता म्हणून द्यायची, ती परत घ्यायची नाही, शिवाय जाण्या-येण्याचा खर्च द्यायचा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. तो किती ठिकाणी मिळाला हा वेगळा विषय. पण कल्पना बरोबर होती. फक्त तिला राज्याची हद्द ओलांडावी लागे. पोखर्णीचा माणूस ठेकेदाराबरोबर सुरतेला गेला तर कायद्याच्या लेखी विस्थापित. चिंचवडला गेला तर घरातल्या घरात.

आज खर्चाची नावं बदलली आहेत. साक्षांकनासाठी राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात उभं राहणं २०१५ च्या सुमारास संपलं, जनधन खात्यामुळे २०१४ पासून खातं उघडायला पैसे लागत नाहीत. ही खरी सोय झाली. पण पीजीची एक-दोन महिन्यांची अनामत आली, पोलीस पडताळणी आली, कंपनी ठेकेदारामार्फत घेत असेल तर गणवेश आणि सेफ्टी बूट पहिल्या पगारातून कापून घेणं आलं. बँक पगारदाराला आनंदानं वैयक्तिक कर्ज देते. मागते फक्त गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. ज्याला पहिला पगारच व्हायचा आहे त्यानं त्या कुठून आणाव्यात? मग तो मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे जातो. सात दिवसांचं कर्ज, आणि आठव्या दिवशी नातेवाइकांना फोन. या मंडळींना चाप लावणारे नियम रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये काढले. ते काढावे लागले यातच काय ते आलं.

काही मालक मागितलं तर पहिल्या पगारातून आगाऊ रक्कम देतात. लेखी मागावी, आणि किती हप्त्यांत कापणार ते लिहून घ्यावं. नेमणुकीसाठीच पैसे मागणारा मात्र मालक नव्हे, भामटा समजावा. हे सांगताना माझ्यातला निवृत्त अधिकारी बोलतो आहे, वाचकांनी माफ करावं.

गेल्या वर्षी नृसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना स्टेशनवर एक पिकल्या केसांचा माणूस जवळ आला आणि म्हणाला, ‘‘वळखलं का, साहेब?’’ मी ओळखलं नव्हतं. मग त्यानं अठ्ठेचाळीस रुपये म्हटलं. वडील जाऊन वीस वर्षं झाली होती. तो नंतर कुठे गेला नाही; परभणीत पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, शेती सांभाळली. शेजारी त्याचा मुलगा पाठीला सॅक लावून उभा होता. चाकणला नोकरी लागली होती.

‘‘किती दिवसांचं धरलंय?’’ मी विचारलं.

‘‘पन्नास,’’ तो लगेच म्हणाला. ‘‘पगार सात तारखेला म्हणतेत. तरी पन्नास.’’

मुलगा हसला. ‘‘पप्पा उगंच टेन्शन घेतेत, काका. कमी पडलं तर फोन केला की दोन मिनिटांत खात्यावर.’’

‘‘पैसे येतेल रे दोन मिनिटांत,’’ बाप म्हणाला. ‘‘तू मागशील का पण?’’

मुलगा काही बोलला नाही, मोबाइलमध्ये बघत राहिला. गाडीची घंटा झाली तेव्हा बापानं त्याच्या सॅकची आतली चेन उघडली, चार घड्या केलेल्या नोटा आत सरकवल्या आणि चेन पुन्हा लावली.