पुस्तक पुरे कोण करते?

इंग्रजीतल्या नॉव्हेलला आपण कादंबरी म्हणतो. गंमत अशी, की ज्या ग्रंथावरून हा शब्द आला तो ग्रंथ त्याच्या लेखकाच्या हातून पुरा झालाच नाही. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहायला घेतली आणि कथा मध्यावर असतानाच तो गेला. उरलेली कथा त्याच्या मुलाने लिहिली. पूर्वभाग बापाचा, उत्तरभाग मुलाचा. बाणाचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मुलाचे नाव मात्र कुठे भूषणभट्ट सापडते, कुठे पुलिंदभट्ट. ज्याने काम तडीस नेले त्याचे नावही नीट टिपून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. ग्रंथ सुचणे आणि ग्रंथ पुरा होऊन वाचकाच्या हाती पडणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम बहुतेक वेळा एकट्याचे नसते आणि आपल्या वाङ्मयीन हिशेबाच्या वहीत त्याची नोंद फार क्वचित होते.

याचे मराठीतले सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘ख्रिस्तायन’. येशूचे चरित्र ओवीत आणायचे असा संकल्प रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केला. कल्पना अगदी नवी नव्हती. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्येच छापले गेले होते. टिळकांनी 1909 च्या सुमारास लेखनाला हात घातला आणि 1919 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. या दहा वर्षांत झाले किती, तर दहा-साडेदहा अध्याय. म्हणजे वर्षाला जेमतेम एक. हा माणूस आळशी नव्हता. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचे काम, भजने, अभंग, प्रवचने आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून उभा केलेला ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा, एवढे सगळे त्याच वर्षांत चालू होते. मोठा ग्रंथ अडतो तो बरेचदा असा. प्रतिभा आटत नाही, दिवस पुरत नाहीत. फुटकळ कवितेला एक संध्याकाळ पुरते. महाकाव्याला रोजची बैठक लागते आणि रोजची बैठक ही चैन लोकांत वावरणाऱ्या माणसाला सहसा परवडत नाही.

पुढचे काम टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. लिहिणे-वाचणे आले ते लग्नानंतर, नवऱ्याकडून. अशा बाईने ‘ख्रिस्तायना’त चौसष्ट अध्यायांची भर घातली. संकल्प टिळकांचा खराच, पण आकड्यांकडे पाहिले तर ग्रंथाचा फार मोठा वाटा बाईंचा आहे. आणि हे करता करताच त्या मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहावरून टिळकांच्या आठवणी लिहीत होत्या. नवऱ्याच्या चरित्राला साहित्य म्हणून सुरू झालेल्या त्या आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ झाली आणि मराठीतले एक अव्वल आत्मचरित्र आपल्याला मिळाले. मुलाने मागितले नसते तर ते लिहिले गेले असते का, याचे उत्तर देता येत नाही. पण मागणारा कोणीतरी होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

लक्ष्मीबाईंना हे जमले कसे? भक्ती, चिकाटी ही उत्तरे खरी असली तरी अपुरी आहेत. माझ्या मते निम्मे श्रेय ओवीचे आहे. ग्रंथातली ओवी साडेतीन चरणांची: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. अक्षरांची मोजदाद सैल असते, त्यामुळे बोलण्यातले वाक्य फारसे न मोडता तिच्यात बसते. शिवाय ती कोणा एका कवीच्या मालकीची नाही. पोथ्या ऐकत वाढलेल्या बाईच्या कानात तिची चाल आधीच मुरलेली असते. टिळकांनी हाच संकल्प एखाद्या अवघड अक्षरगणवृत्तात सोडला असता, तर तो अकराव्या अध्यायापाशी कायमचा थांबला असता, असे म्हणायला हरकत नाही. समाजाने घडवलेला, सर्वांच्या सरावाचा साचा हाताशी असला की एकाने टाकलेली वीट दुसऱ्याला उचलता येते.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. दुसऱ्याने पुरा केलेला ग्रंथ पहिल्याचा राहतो का? त्यात जोड दिसणारच. दिसतेच, आणि ती लपवण्याचे कारण नाही. बाणाच्या मुलाची शैली बापाइतकी नटलेली नाही, असे संस्कृतचे रसिक म्हणत आले आहेत. पण त्यांनाही गोष्टीचा शेवट कळला तो मुलामुळेच. दुसऱ्या हाताने मूळ मजकुरात गुपचूप फेरफार केला तर ती लबाडी. कुठे पहिला थांबला आणि कुठून दुसरा निघाला हे उघड ठेवले, तर फसवणूक कोणाची होते? आता, काही लेखक पुस्तक मुद्दाम अर्धे सोडतात आणि तो त्यांचा हक्क आहे. मृत्यूने अर्धे ठेवलेले पुस्तक त्या जातीचे नसते.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. खऱ्या प्रतिभेला हा लवाजमा लागतो कशाला? ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून झाली ना! साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 9 फेब्रुवारी 1933 ला, गुरुवारी, लेखन सुरू केले आणि सोमवारी 13 तारखेला सकाळी ते संपवले, ही हकीकत खरी आहे. मात्र ती अर्धी सांगितली जाते. पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे; त्या पाच दिवसांत अशा छत्तीस रात्री लिहून झाल्या होत्या. आणखी नऊ गुरुजींनी सुटकेनंतर लिहिल्या. एकूण पंचेचाळीस झाल्या, पुस्तकात ठेवल्या बेचाळीस. छापील पुस्तक लोकांच्या हाती आले ते 1935 मध्ये. म्हणजे पाच दिवसांच्या या पुस्तकालाही भर घालणे, गाळणे, छापणे चुकले नाही. आपल्याला पाच दिवसांचा चमत्कार आवडतो आणि पुढची दोन वर्षे कंटाळवाणी वाटतात, एवढाच याचा अर्थ.

लिहून होणे आणि लोकांपर्यंत जाणे यांतले अंतर बहिणाबाईंच्या बाबतीत तर फारच उघडे पडते. त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, घरकाम करताना ओळी सुचत आणि त्या म्हणत. मुलाने, सोपानदेव चौधरींनी, आणि एका आप्ताने त्या ऐकून उतरवून घेतल्या. कानावर पडूनही कागदावर आले नाही ते कायमचे गेले. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी, तरीही आईची वही त्यांनी आचार्य अत्र्यांपुढे ठेवली ती संकोचतच. अत्र्यांनी त्या कवितांचे मोल ओळखले, छापण्याचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली. पुस्तक 1952 मध्ये आले. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या होत्या. सांगणारी एक, उतरवणारे दोन, ओळखणारा एक: यांतला कोणताही दुवा गळला असता तर आज त्या कविता पाठ्यपुस्तकात दिसल्या नसत्या. उतरवून घेणाऱ्याची ही परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. तुकोबांच्या अभंगांबरोबर संताजी जगनाड्यांचे नाव वारकरी आजही आदराने घेतात.

‘ख्रिस्तायन’ छापून आले 1938 मध्ये. टिळकांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि लक्ष्मीबाईंना दोन. आजही कित्येक घरांत आईच्या, आजोबांच्या अशा वह्या ट्रंकेत पडून असतात: अर्धवट आठवणी, ओव्या, एखादी न संपलेली गोष्ट. त्या रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा उघडून वाचा, आणि निदान पहिल्या पानावर कोणी लिहिले, कुठे आणि केव्हा लिहिले, एवढे पेन्सिलीने टिपून ठेवा.