काळजाला धरून बसणारा कोसा

२०१२ साली जर्मनीतल्या बाड नाउहाइम गावी, मॅक्स प्लांक संस्थेच्या प्रयोगशाळेत, नाण्याएवढी एक चकती आपली आपण धडधडत होती. उंदरांच्या नवजात पिल्लांच्या हृदयातल्या पेशी तिच्यावर सोडलेल्या होत्या. त्या चकतीला चिकटल्या, एकमेकींशी जोडल्या गेल्या आणि एका तालात आकसू लागल्या. थोडाथोडका वेळ नाही, सलग वीस दिवस. ना शरीर, ना रक्त, ना मेंदूचा हुकूम! आणि ती चकती कशाची होती म्हणता? टसर रेशमाची.

आरमोरी, वडसा, सावली या पट्ट्यातल्या माणसाला टसर समजावून सांगायला नको. तो म्हणेल, अहो, हा तर आपला कोसा! अँथेरिया मायलिटा असं भारदस्त शास्त्रीय नाव असलेल्या पतंगाची अळी गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर पिढ्यान्‌पिढ्या वाढवली जाते, मुख्यतः ढिवर समाजाच्या हातून. या दोन जिल्ह्यांतून बाहेर काय काय जातं, असं विचारा. कोळसा, सिमेंट, बांबू, तेंदूपान आणि आता सुरजागडचं लोखंड, अशी यादी लोक एका दमात म्हणतील. कोसा आठवला तर शेवटी आठवेल. मला विचाराल तर यादीतला सगळ्यात हुशार माल तोच आहे.

सुरुवात अंड्यापासून करू. मादी पतंग दीडशे-दोनशे अंडी घालते आणि काही दिवसांत मरून जाते. पतंग झाल्यावर तिला खाण्याच्या कामाचं तोंडच नसतं. अळीपणी खाऊन ठेवलेल्या शिदोरीवर तिचं उरलेलं आयुष्य निघतं. अंड्यातून बाहेर येणारी अळी जेमतेम सात-आठ मिलिमीटरची. महिना-दीड महिन्यात चार वेळा कात टाकून ती बोटाहून जाड, हिरवीगार आणि चाळीस-पन्नास ग्रॅम वजनाची होते. म्हणजे जन्माच्या वजनाच्या हजारो पट! सगळी करामत ऐनाच्या पानांची.

तुतीची रेशीमअळी घरात वाढते आणि माणसाने सांभाळल्याशिवाय जगूही शकत नाही. टसरची अळी मात्र उघड्या झाडावर, उन्हापावसात. कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या सगळे टपलेले. म्हणून पीक झाडावर असेपर्यंत राखण करणाऱ्यांचा मुक्काम जंगलातच. एवढं करून एका मादीच्या अंड्यांतून चाळीस-पन्नास कोसे हाती आले, तर पीक बरं म्हणायचं.

आता अळी कोसा बांधायला बसते ते बघा. आधी दोन-चार पानं धाग्याने जवळ ओढून आडोसा करते. मग लगेच कोशाला हात घालत नाही. फांदीभोवती रेशमाचं एक कडं घालते. त्या कड्यापासून खाली एक टणक देठ काढते आणि मग त्या देठाच्या टोकाला कोसा विणायला घेते. एवढा खटाटोप कशासाठी? कारण ऐन पानझडी आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी बांधलेल्या कोशातला जीव पुढच्या पावसाळ्यापर्यंत आत झोपून राहतो. उन्हाळा येईपर्यंत पानं गळून पडणार. पानाला बांधलेलं घर पानासोबत खाली आलं असतं. फांदीला कड्याने अडकवलेलं तसंच लोंबत राहतं. ज्या अळीने अजून एकही उन्हाळा पाहिलेला नाही, ती पानगळीचा बंदोबस्त करून ठेवते!

आणि धागा? अळीच्या पोटातल्या लांब ग्रंथींमध्ये रेशीम असतं ते द्रवरूप, पाण्यात विरघळलेलं प्रथिन. ते एका बारीक नळीतून पुढे सरकतं, तेव्हा वाटेत त्यातलं पाणी कमी होतं, आम्लता वाढते. अळी डोकं डावीकडे-उजवीकडे, इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवत ते ओढते. त्या ओढीने प्रथिनाचे रेणू एका रांगेत येतात, एकमेकांवर घट्ट बसतात आणि बाहेर पडतो तो घन धागा, जो आता पाण्यात विरघळत नाही. पाण्यातून निघालेली वस्तू पाण्यालाच दाद देईनाशी होते. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्यासाठी कारखान्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरावं लागतं. अळी तेच काम सावलीत, हवेच्या तापमानाला, पाण्यावर भागवते. एका कोशात साधारण पाऊण-एक किलोमीटर धागा.

वर पुन्हा भिंत टणक करायला ती त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक मिसळते. होय, मूतखड्यात सापडतो तोच पदार्थ. इतक्या पक्क्या तिजोरीतून कोवळ्या पंखांचा पतंग बाहेर कसा येतो? १९६०च्या दशकात फोटिस काफाटोस या ग्रीक शास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये त्याचं उत्तर शोधलं. पतंग तोंडातून एक विकर सोडतो. ते धाग्यांमधला डिंक, म्हणजे सेरिसिन, तेवढा पचवतं; खुद्द धाग्याला, म्हणजे फायब्रोइनला, हात लावत नाही. धागे सैल होतात, पतंग ते बाजूला सारून निघून जातो. मागे उरतो भोक पडलेला कोसा. हा भोकाचा कोसा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

व्यापाराची गोष्ट मध्येच सांगून टाकतो, कारण तीही कमी चमत्कारिक नाही. टसरचा तपकिरी-सोनेरी रंग त्याच्या अंगचा, आणि त्यावर दुसरा रंग चढता चढत नसे. इंग्लंडमधल्या लीक गावचा रंगारी थॉमस वॉर्डल याने हट्टाला पेटून त्याची युक्ती काढली. १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने भारतीय रानरेशीम रंगवून मांडलं आणि युरोपचे डोळे दिपले. मध्य भारतातल्या जंगलाच्या मालाला परदेशी गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे कोष्ट्यांच्या मागावर कोसा विणला जातच होता. विदर्भातल्या करवतकाठी साडीला, तिच्या करवतीच्या दातांसारख्या काठासकट, आता भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

त्याच्या काही वर्षं आधी दक्षिण फ्रान्समध्ये रेशीमअळ्या पेब्रिन नावाच्या रोगाने पटापट मरत होत्या. १८६५मध्ये सरकारने लुई पाश्चरला तिकडे धाडलं. त्याने तोवर रेशीमअळी हातातसुद्धा धरलेली नव्हती. त्याने सुचवलेला उपाय साधा होता: अंडी घातल्यावर मादीला खलात घोटा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. रोगाचे बीजाणू दिसले तर तिची सगळी अंडी जाळा. आजही रोगमुक्त अंडीपुंज तयार करणारी केंद्रं, तुतीची असोत की टसरची, प्रत्येक मादीची अशीच झडती घेतात.

आता पुन्हा त्या धडधडणाऱ्या चकतीकडे.

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा स्नायूचा एक भाग मरतो. त्वचा भरून येते, हाड सांधतं. हृदयाचा स्नायू मात्र जवळजवळ नव्याने उगवत नाही. त्या जागी व्रण बनतो, आणि व्रण धडधडत नाही. मग बाहेर पेशी वाढवून आत ठिगळ लावता येईल का? अडचण अशी, की शरीरातल्या बहुतेक पेशी मोकळ्या तरंगत जगू शकत नाहीत. त्यांना कशाला तरी धरून बसावं लागतं. धरायला काही मिळालं नाही, तर त्या स्वतःच मरण पत्करतात! कारल्याच्या वेलीला मांडव लागतो, तसा पेशींना सांगाडा लागतो. फरक एवढाच, की हा मांडव वेल पसरल्यावर हळूहळू विरघळून नाहीसा झाला पाहिजे.

पेशी धरते कशाला? हे कोडं १९८४मध्ये एर्की रुओस्लाहती आणि मायकेल पियर्शबाकर यांनी सोडवलं. पेशींच्या अंगावर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात, आणि ती हजारो अमिनो आम्लांच्या साखळीतली फक्त तीन ओळखतात: आर्जिनिन, ग्लायसिन, अस्पार्टिक आम्ल, याच क्रमाने. एवढी तीन अक्षरं दिसली की पेशीला खूण पटते आणि ती तिथे ठाण मांडते. आपल्या शरीरातल्या आधारद्रव्यात ही खूण जागोजागी आहे.

तुतीच्या रेशमाच्या फायब्रोइनमध्ये ती नाही. टसरच्या फायब्रोइनमध्ये आहे.

थांबा जरा इथे. ऐनाच्या फांदीवर लोंबणाऱ्या अळीला आपल्या हृदयाशी काय देणंघेणं? तिने धागा काढला तो ऊन, पाऊस आणि कावळ्यांपासून बचावायला. त्या धाग्यात अशी तीन अक्षरं निघाली, जी माणसाची पेशी वाचू शकते.

खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या टसरचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. काम किचकट. तुतीचं रेशीम सोड्यात उकळून डिंक काढला की लिथियम ब्रोमाइड या क्षारात विरघळतं. टसर त्याला बधत नाही. मग त्यांनी पूर्ण वाढलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच, धागा बनण्याआधीचं, द्रव प्रथिन काढलं. पुढे ते ओतून पातळ पापुद्रे करता येतात, गोठवून-सुकवून सच्छिद्र सांगाडे करता येतात. बाड नाउहाइमच्या प्रयोगशाळेत चिन्मय पात्रा या संशोधकाने हे टसर वापरलं, आणि पुढे काय झालं ते तुम्ही वर वाचलंच.

लगेच डॉक्टरांकडे धाव घेऊ नका. टसरचं हृदयाचं ठिगळ अजून माणसात बसवलेलं नाही. ही प्रयोगशाळेची गोष्ट आहे. तुतीचं रेशीम मात्र पुढे निघून गेलंय. रेशमाच्या टाक्यांनी जखम शिवणं तर फार जुनं. अमेरिकेत रेशमाची शस्त्रक्रियेची जाळी बाजारात आली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडातली पोकळी भरण्यासाठी रेशमाचे सच्छिद्र तुकडे बनवले. रेशीम आता वाराने मोजायचं कापड राहिलेलं नाही, ग्रॅमवर मोजायचं प्रथिन झालंय.

इथे व्यापाराचं गणित उलटंपालटं होतं. कोसा आजवर नगावर विकला गेला आणि त्याची किंमत ठरली धाग्याच्या लांबीवरून. एक किलो सुतासाठी हजाराहून जास्त कोसे लागतात. भोक पडलेल्या कोशातून सलग धागा निघत नाही, म्हणून त्याला भाव कमी. पण प्रयोगशाळेतला माणूस तुतीच्या कोशाचं काय करतो? कात्रीने तुकडे करतो आणि विरघळवतो. त्याला लांबीशी कर्तव्यच नाही! टसरचा कोसाही असा विरघळवता आला, तर तिथेही तेच. त्याला हवी शुद्धता आणि मालाचा पत्ता: कुठल्या झाडावरचा, कुठल्या अंडीपुंजातला, मादी तपासलेली होती का. आणि हे सगळं ठाऊक असलेला कोसा कोणता? अंडीपुंज केंद्रात ज्यातून तपासलेली मादी बाहेर आली, तो भोकाचा कोसा. दर हंगामाला तिथे त्यांचा ढीग पडतो.

आणखी एक गोष्ट डाचते, ती बोलून टाकतो. मध्य भारतात बायका टसरचं सूत वर्षानुवर्षं उघड्या मांडीवर वळत आल्या, आणि त्यात मांडीची कातडी सोलवटून निघते. ज्या धाग्यावर नवी त्वचा वाढवायची स्वप्नं जग बघतंय, तो काढताना या बायकांची त्वचा झिजली. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचं सूत काढायचं यंत्र आणलं ते यासाठीच. पुनर्निर्मितीचा पहिला हप्ता या मांड्यांना द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा कोसा कुणाचा, हा मालकीचा प्रश्न मात्र वाटतो तितका अवघड नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या काढून वाचा. बांबू, मध, लाख, तेंदूपानं यांच्या रांगेत टसर आणि कोष हे शब्द छापलेले आहेत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगलाचा माल कुणी, कुणाला, काय भावाने विकायचा हे ठरवायला हा जिल्हा शिकलेला आहे. शिकायचं राहिलंय ते एवढंच, की आपण नेमकं काय विकतोय.

म्हणून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात प्राणिशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना एक सांगणं. भोकाचे चार कोसे मागून आणा, सोड्यात उकळा, डिंक काढा आणि उरलेला धागा कशात विरघळतो ते शोधायला लागा. आरमोरी तुमच्यापासून एसटीने तासाभरावर आहे.