टर्बोचा जोर आणि मागचीं चाकें



माझ्या लहानपणीं कृष्णाकांठच्या मळ्यांतून विहिरीवर तेलाचीं एंजिनें चालत असत. नुसता ठोका ऐकून एंजिन कोणाच्या मळ्यांतलें, हें आम्ही मुलें सांगत असूं. पाणी चढत असतां तें एंजिन दमानें चाले. मध्येंच पट्टा निसटला तर ओझें नाहींसें होऊन तें उधळावें. पण तें उधळत नसे. त्याला गव्हर्नर नांवाचें एक साधन असे. वेग वाढला कीं त्यांतलीं फिरतीं वजनें बाहेर फेकलीं जात आणि तीं आपोआप तेलाचा पुरवठा आवळीत. किर्लोस्करवाडी १९१० सालीं औंध संस्थानांत वसली. साताऱ्याजवळ कूपर यांच्या कारखान्यानें १९३० च्या दशकांत डिझेल एंजिनें तयार केलीं. तेव्हां एंजिनाला जोर हवा तसा लगामही हवा, ही गोष्ट या दोन जिल्ह्यांना नवी नाहीं. आज त्याच जुन्या गोष्टीचा एक नवा प्रकार मी आपणांपुढें मांडणार आहें.

माझा एक जुना विद्यार्थी सांगलीस विश्रामबागेंत राहतो. त्यानें दोन वर्षें खपून एक मोटार स्वतः जुळविली. लोखंडी नळ्यांचा हलका सांगाडा, त्यांत ईको जातीच्या व्हॅनचें १२०० सी. सी.चें एंजिन, तिचाच गिअरबॉक्स आणि तिचाच मागचा आंस. अशा घरीं जुळविलेल्या गाड्यांची आवड विलायतेंत जुनी आहे. तेथें १९५७ सालीं निघालेली लोटस कंपनीची ‘सेव्हन’ ही गाडी सुट्या भागांच्या रूपांत घेतली तर खरेदीचा कर वांचत असे, म्हणून पुष्कळांनीं ती आपल्या घरींच उभी केली. आमच्या विद्यार्थ्याची गाडी रस्त्यावर आणण्यास मान्यता नाहीं. ती टेम्पोंत घालून शर्यतीच्या बंद मार्गावर न्यावी लागते. मूळ एंजिनाची शक्ति सुमारे सत्तर अश्वशक्ति. ती त्याला अपुरी वाटली, म्हणून त्यानें टर्बो बसविला. पहिल्याच दिवशीं, एका साध्या उजव्या वळणावर, गाडीची पाठ पुढें आली आणि ती दोन गिरक्या घेऊन मातींत उलट तोंडानें थांबली. इजा कोणास झाली नाहीं. पण त्याची आई तेथें उभी होती. त्या माउलीनें दुसऱ्या दिवशीं माझ्याकडे येऊन एवढेंच म्हटलें, “मास्तर, ती गाडी विका म्हणावें, नाहींतर ती कां फिरली हें त्याला समजावून द्या.” मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तरीपण पुस्तकें चाळलीं, मिस्त्रींना विचारलें, आणि उत्तर सांपडलें तें माझ्याच विषयांत, काटकोन त्रिकोणांत.

प्रथम टर्बो म्हणजे काय तें पाहूं. एंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्याच्या वाटेंत एक लहान पंखा ठेवला तर तो फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा ओढून एंजिनांत कोंबतो. हवा अधिक, म्हणून पेट्रोल अधिक जाळतां येतें, आणि शक्ति वाढते. हे पंखे मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनीं या कल्पनेचें पेटंट १९०५ सालीं घेतलें. पुढें १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यांनीं विमानाचें एंजिन पाइक्स पीक नांवाच्या चौदा हजार फूट उंच डोंगरावर नेऊन विरळ हवेंतही टर्बोनें जोर टिकतो हें दाखविलें. आपल्या महाबळेश्वरीं सुद्धां हवेचा दाब सपाटीपेक्षां सुमारे सातव्या हिश्शानें कमी असतो. साधें एंजिन तेथें तितकेंच दुबळें होतें.

आतां थोडें गणित करूं. बाहेरच्या हवेचा दाब एक बार धरा. टर्बोनें अर्ध्या बारची भर घातली म्हणजे दाब दीडपट झाला. मग हवाही दीडपट जाईल असें वाटतें. पण हवा दाबली कीं तापते. सायकलचा पंप मारतांना त्याचें तोंड बोटाला चटका देतें, तें याचमुळें. २७ अंशांची हवा या दाबानें सुमारे ८० अंशांपर्यंत चढते. तापलेली हवा विरळ असल्यामुळें खरी वाढ सव्वापटीच्या थोडी वर भरते. वाटेंत रेडिएटरसारखा इंटरकूलर बसवून ती ४५ अंशांपर्यंत निवविली, तर वाढ सुमारे १.४ पट होते. जोरही ढोबळ मानानें तितकाच वाढतो.

हा जोर जमिनीवर उतरविण्याचें काम मागच्या दोन टायरांचें. गाडीचें वजन चालकासह ६०० किलो, त्यांपैकीं मागच्या चाकांवर ३३० किलो, असें धरूं. कोरड्या मार्गावर चांगला टायर जवळजवळ आपल्यावरच्या भाराइतका रेटा पेलतो; म्हणजे मागच्या चाकांची कमाई ३३० किलो, त्याहून एक मासाही अधिक नाहीं. एंजिनाचा पीळ, ज्याला मिस्त्री टॉर्क म्हणतात, टर्बोवांचून १०० न्यूटन-मीटर आहे. दुसऱ्या गिअरमध्यें तो एकूण आठपट होतो असें माना. चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर धरली तर रेटा सुमारे २९० किलो येतो. हा ३३० च्या आंत आहे. टर्बोनें तो १.४ पट केला कीं होतो चारशेंहून अधिक. म्हणजे सरळ वाटेवर सुद्धां चाक जागच्या जागीं घसरून फिरणार. आणि पावसांत टायरांची कमाईच दोनशें किलोंच्या आसपास येते.

ही झाली सरळ वाटेची गोष्ट. वळणावर टायराला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. एक धनी त्याला पुढें ढकलावयास सांगतो. दुसरा सांगतो, गाडीला आडवें घसरूं देऊं नको. दोघांचें देणें एकाच पगारांतून भागवावयाचें. पण हा हिशेब साध्या बेरजेचा नसून पायथॅगोरसच्या सिद्धान्ताचा आहे. टायराची एकूण पकड हा कर्ण. आडवा जोर ही एक बाजू, पुढचा रेटा ही दुसरी. शाळेंतला तीन, चार, पांच हा त्रिकोण आठवा. वळणांत टायरानें आपल्या शक्तीचे पांचांपैकीं चार भाग आडव्या कामांत खर्च केले, तर पुढच्या रेट्यासाठीं तीन भाग उरतात. आमच्या हिशेबांत ते भरतात १९८ किलो. तेथें टर्बोशिवायचे २९० सुद्धां जड, मग टर्बोचे चारशें कोण पेलणार? मर्यादा ओलांडली कीं घसरणारें मागचें चाक दोन्ही कामें सोडून देतें, आणि गाडीची पाठ बाहेर निघते.

आतां मनांत येईल कीं, चालकानें पाय जपून दाबावा म्हणजे झालें. येथेंच टर्बोची खरी खोड आहे. पाय दाबला कीं आधीं धूर वाढतो, मग पंखा वेग घेतो, मग दाब चढतो. यांत एक सेकंद गेला असें समजा. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें गाडी सेकंदांत २० मीटर जाते. म्हणजे जोर मागितला एका ठिकाणीं आणि मनिऑर्डर पोंचली वीस मीटर पुढें, वळण अगदीं आवळत असलेल्या जागीं. चालक घाबरून पाय एकदम काढतो. मग भार पुढच्या चाकांवर झुकतो, मागचीं चाकें हलकीं होतात, त्यांची उरलीसुरली पकडही जाते. बी. एम. डब्ल्यू.ची १९७३ सालची टर्बो गाडी आणि पोर्शेची १९७५ सालची ९११ टर्बो, या दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या याच स्वभावाबद्दल नांवाजल्या गेल्या. आपल्याकडे अवंती ही गाडी २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत आली, तिचीही जात हीच: टर्बो एंजिन आणि मागच्या चाकांना गति.

मग लगाम कोठें घालावा? टर्बोलाही एक गव्हर्नर असतो. त्याला वेस्टगेट म्हणतात. धुराच्या वाटेंत एक लहान झडप असते. दाब ठरलेल्या मर्यादेस पोंचला कीं तोच दाब एका पडद्याला रेटतो, स्प्रिंग दबते, झडप उघडते, आणि धूर पंख्याला बगल देऊन निघून जातो. स्प्रिंग जितकी नरम, तितका कमी दाब. पुढें एक विजेची झडप बसवून पडद्यावरचा दाब गाळून देतां येतो, म्हणजे वेस्टगेट उशिरां उघडून दाब हवा तेव्हां वाढवितां येतो. यांतलें शहाणपण असें कीं, स्प्रिंग नरमच घ्यावी आणि वाढ विजेच्या झडपेकडे सोंपवावी. झडप बिघडली तर दाब उतरतो, चढत नाहीं. मात्र पडद्याकडे जाणारी रबरी नळी निसटली तर वेस्टगेट मुळींच उघडत नाहीं, दाब बेफाम चढतो आणि पिस्टन फुटतात. म्हणून दाब मर्यादेबाहेर जातांच एंजिन थांबविणारी सोय वेगळी ठेवावी.

दुसरा लगाम गिअरचा. तिसऱ्या गिअरमध्यें आठपटीऐवजीं साडेपांचपट पीळ होत असेल, तर अर्ध्या बारची पूर्ण भर देऊनही रेटा सुमारे २८० किलोच येतो, आणि तो सरळ वाटेवर टायर सुखानें पेलतात. तेव्हां पहिल्या-दुसऱ्या गिअरांत स्प्रिंगपुरताच दाब आणि पायही अर्धवट. पूर्ण दाब तिसऱ्यापासून पुढें. तिसरा लगाम पायाचा: पाय अर्धा दाबला असतां दाबही अर्धाच चढावा, अशी आंखणी एंजिनाच्या संगणकांत करतां येते. चौथा लगाम टायरांचा. पुढच्या व मागच्या चाकांचे वेग सतत तोलून पाहणारें यंत्र मागचें चाक अधिक फिरूं लागतांच ठिणगी मागें ओढतें वा एखादी गाळतें. हें काम वेस्टगेटपेक्षां फार जलद होतें, कारण नळ्यांत सांठलेला दाब उतरावयास वेळ लागतो. पांचवी गोष्ट टर्बोच्या मापाची. मोठा टर्बो आंकडा मोठा देतो, पण उशिरां आणि एकदम. लहान टर्बो थोडें देतो, पण वेळेवर. वळणावळणाच्या मार्गावर वेळेवर मिळालेलें थोडेंच कामास येतें.

चालकाचें कर्तव्य याहून सोपें नाहीं. ब्रेक सरळ वाटेवरच लावून घ्यावा. वळणांत शिरतांना वेग कमी असावा. स्टिअरिंग जसजसें सरळ होईल, तसतसा पाय दाबावा. त्रिकोणाची एक बाजू आखडली कीं दुसरी वाढवावी, इतकाच त्याचा अर्थ. शर्यत संपतांच एंजिन बंद करूं नये. एक-दोन मिनिटें मंद चालूं द्यावें, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधलें तेल जळून कोळसा होत नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यानें स्प्रिंग बदलली, गिअरप्रमाणें दाब ठरविला आणि पुन्हां त्याच मार्गावर गेला. पूर्वीं त्याचा कांटा मोठा आंकडा दाखवीत होता. आतां आंकडा लहान आहे, पण फेरी कमी वेळांत पुरी होते, आणि गाडी तोंड पुढें ठेवून घरीं येते. आई पुन्हां पाहावयास गेली होती, असें कळतें.

सांगली, कऱ्हाड, ईश्वरपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून अशीं पुष्कळ हौशी मुलें शिकत आहेत. त्यांच्या घरच्या वडील मंडळींना माझें सांगणें असें कीं, हौस मोडूं नका. फक्त ‘जोर किती?’ असें न विचारतां ‘टायर किती पेलतील?’ असें विचारा. आणि मुलांना सांगणें असें कीं, खंबाटकी आणि पसरणी हे घाट वाटसरूंचे आहेत, शर्यतीचे नव्हेत. जोर बंद मार्गावर अजमावावा, आणि तोही लगाम बसविल्यावर. आमच्या मळ्यांतल्या एंजिनाला हें कळत होतें. आपणांस तर कळलेंच पाहिजे.