रिटर्न फुकट, मग पैसे कशाचे?

कुडव्याच्या शेतकरी बंधूंनो, धानाच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे तुम्हास ठाऊकच आहे. पण बँकेने ठेवीच्या व्याजातून कापलेला कर परत हवा, तर रिटर्न भरावेच लागते. आयकर खात्याच्या पोर्टलवर त्याला एक पैसाही पडत नाही. कॉम्प्युटरवाला घेतो ती त्याची मजुरी. घेऊ द्या बापड्याला! मात्र त्याला धानाचे उत्पन्न लपवू नका. ते ५,००० रुपयांवर असेल तर सोपा ‘सहज’ फॉर्म चालत नाही. मुदत चुकली तर उत्पन्न पाहून १,००० किंवा ५,००० रुपये विलंब शुल्क बसू शकते. शिवाय ३० दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी झाली का, तेवढे विचारा. नाहीतर भरलेले न भरल्यासारखेच. मोबाईल नंबर अन् पासवर्ड त्याचा नको, तुमचाच टाका.